स्टीलहेड आणि नदीचा तळ

गळ म्हटला कीं गांडूळ किंवा कणकेची गोळी आठवते. अमेरिकेच्या वायव्येकडील नद्यांत मात्र गळाला पिसें व दोरा गुंडाळून कृत्रिम माशी करितात. ती हलकी असल्यानें जड दोरीच्या झोकानें दूर जाते. तिला रेनबो ट्राउट लागतो, तसाच स्टीलहेडही. दोघांची जात एकच. स्टीलहेड तेवढा समुद्रांत वाढून नदींत परततो.

वसंतांत मादी शेपटीनें गोटे उकरून अंडीं पुरते. तेथील तळ धुतल्यासारखा उजळ दिसतो. त्यावर पाऊल पडल्यास अंडीं चिरडतात. प्रशांत महासागरांतील सामन मासे बहुधा अंडीं घालून मरतात. स्टीलहेड जगून पुन्हा येऊं शकतो. म्हणून जाणता शौकीन नैसर्गिक रीत्या उपजलेला मासा पाण्यांतच सोडतो, आणि माशी टाकण्यापूर्वीं तळ पाहतो.