निम्म्यावर हेलिकॉप्टर बदलताना
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी आरतीनंतर दोन-तीन पालकांनी विचारलं होतं, "मुलाला हेलिकॉप्टर शिकायचंय. अमुक शाळेत एक प्रकार आहे, तमुक शाळेत दुसरा स्वस्त मिळतो. मध्येच बदललं तर चालतं का?" मी नोकरीनिमित्त अमेरिकेत असताना नेमकं हेच केलं, म्हणून कार्यवाहांनी मला उभं केलंय.

आपल्या धारवाडकरांना मधूनच तालीम बदलणं नवीन नाही. मिरजेच्या नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची गायकी शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर पुढे मंजी खाँसाहेबांकडे जयपूर-अत्रौलीची शिकले. पण गळ्याची जुनी सवय एखाद्या तानेत डोकावली तर कुणाच्या जिवावर बेतत नाही.

मी सुरुवात केली श्वायझर ३०० वर. वरच्या पंख्याला तीन पाती, प्रत्येक पातं बिजागरीवर स्वतंत्र हलणारं. २४ तास झाले, त्यात सोलोही झालं. मग शाळेने ते हेलिकॉप्टर विकलं आणि रॉबिन्सन आर-२२ आणलं. दोन आसनी, दोन पात्यांचं, प्रवासी-इंधनासकट जास्तीत जास्त वजन ६२० किलोच्या आसपास. मला वाटलं, स्कूटर सोडून मोपेड घ्यावी तसं असेल.

पहिला धक्का नियमाचा. अमेरिकेत खासगी परवान्याला किमान ४० तास लागतात, त्यात माझे जुने तास धरले गेले. पण आर-२२ मध्ये पात्यांचे काही भीषण अपघात झाल्यावर १९९५ मध्ये तिथे खास नियम आला: ज्याच्याकडे हेलिकॉप्टरचा परवाना नाही, त्याने आर-२२ वर इन्स्ट्रक्टरबरोबर २० तास केल्याशिवाय एकट्याने उडायचं नाही. माझं आधीचं सोलो इथे काहीच कामाचं नव्हतं. खिशाला केवढी कात्री लागली ते घरी अजून पूर्ण सांगितलेलं नाही!

तेव्हा तो नियम मला जाच वाटला. तिसऱ्या दिवशी मत बदललं. इन्स्ट्रक्टरने सरावासाठी अचानक थ्रॉटल बंद केला. इंजिन गेलं की डाव्या हातातला कलेक्टिव्ह लगेच खाली करायचा, म्हणजे खालून येणाऱ्या हवेवर पंखा फिरत राहतो, हेच ऑटोरोटेशन. ३०० वर मी काटे बघून मग हात हलवायचो, आणि ते निभावून जायचं. आर-२२ ची पाती इतकी हलकी की एक-दीड सेकंदात वेग धोक्याखाली येतो. मी काटा बघेपर्यंत भोंगा वाजू लागला. कलेक्टिव्ह खाली दाबला तो इन्स्ट्रक्टरने.

त्याहून वाईट गोष्ट उजवा हात करतो. टेकडी ओलांडून सायक्लिक झटक्यात पुढे ढकललं की क्षणभर अंग हलकं होतं, पाळण्यात होतं तसं. दोन पात्यांच्या आर-२२ मध्ये तेव्हा धड उजवीकडे कलंडतं. हात आपोआप डावीकडे जातो, आणि तिथेच घात होतो: पंख्याचा मधला भाग दांड्यावर आपटतो, दांडा तुटू शकतो. आधी सायक्लिक हळूच मागे घ्यायचं, पंख्यावर भार आला की मगच कलंडणं सावरायचं. उलट ३०० ला ही भीती नाही, पण जमिनीवर टेकताना पाती विस्कटली तर सगळं यंत्र थरथरून मोडू शकतं. आर-२२ ला ते होत नाही. म्हणजे एकीकडची भीती दुसरीकडे निरुपयोगी.

पायांचंही तेच. आपल्या लष्कराचं चेतक, चीता मूळ फ्रेंच. त्यांचा पंखा वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो. रॉबिन्सन, श्वायझरचा उलट. ताकद वाढवली की अमेरिकन हेलिकॉप्टरला डावं पेडल लागतं, फ्रेंचला उजवं. माझा हा बदल सुदैवाने अमेरिकनमधून अमेरिकनमध्येच होता.

तेव्हा पालकांना माझं उत्तर: बदलायचंच असेल तर पहिल्या पाच-सहा तासांत बदला, नाहीतर परवाना हातात आल्यावर. मधल्या काळात हात-पाय शिकलेले असतात, डोकं नाही. आणि शाळेत पैसे भरण्याआधी विचारा, हेच हेलिकॉप्टर वर्षभर राहणार आहे का? मुलगा धिप्पाड असेल तर आर-२२ च्या एका आसनाला १०९ किलोची मर्यादा आहे, हेही लक्षात ठेवा. मोदकांचे दिवस आहेत म्हणून सांगतो. त्याने सुरुवातच चार आसनी आर-४४ वर करावी. महाग पडेल, पण एकदाच.

मला परवाना मिळाला तेव्हा वहीत ७१ तास होते. आरतीला अजून वीस मिनिटं आहेत, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.