काठी वर जाऊन थांबते तेव्हा



गेल्या नवरात्रात माझा भाचा नांदेडहून माहूरला आमच्याकडे आला होता. अकरावीत शिकतो. गडावर रेणुकामातेच्या दर्शनाची रांग, घरी पाहुण्यांची ये-जा, आणि हा पोरगा मधल्या खोलीत संगणकासमोर बसून एका शिंगवाल्या म्हाताऱ्याचा मार खात होता. म्हाताऱ्याचं नाव मार्गिट. गेमचं नाव एल्डन रिंग. दुपारपर्यंत पोरगा 37 वेळा मेला. त्यानंतर त्यानं कंट्रोलर गादीवर टाकला, भिंतीकडे तोंड केलं आणि त्याचे डोळे भरून आले. माझी आई तिथंच खलबत्त्यात विडा कुटत बसली होती. ती म्हणाली, "खेळच आहे ना रे? मग रडायला काय झालं?"

त्याला उत्तर देता आलं नाही. मलाही पटकन सुचलं नाही. आज ते उत्तर द्यायला बसलोय. ज्यांच्या घरात असा एखादा मुलगा किंवा मुलगी आहे आणि ज्यांनी स्वतः कंट्रोलर कधी हातात धरलेला नाही, त्यांच्यासाठी हे बोलणं आहे.

ॲक्शन गेममध्ये आपला नायक किरकोळ शत्रूंना मारत पुढं जातो. टप्प्याच्या शेवटी एक दार येतं किंवा पूल येतो आणि तिथं वाट अडवून कुणीतरी उभा असतो. संगीत बदलतं. पडद्याच्या खालच्या बाजूला त्याचं नाव आणि एक लांबलचक पट्टी उमटते. ती पट्टी म्हणजे त्याचा जीव. हा बॉस. तुमची पट्टी वर कोपऱ्यात, बोटभर. त्याचे तीन-चार फटके बसले की तुम्ही संपलात, आणि त्याला मात्र तुम्ही पन्नास वार करायचे. मेलात की मागच्या विसाव्याच्या जागी परत जिवंत होता. तो पुन्हा पूर्ण ताकदीनं उभा. मागच्या खेपेचं पुढं काहीच येत नाही, तुम्ही जे पाहिलंत तेवढं सोडून. राक्षसाला तुमची आठवण नसते, तुम्हाला त्याची असते. सगळी लढाई एवढ्या एका फरकावर चालते.

माझ्या पिढीला बॉस नवा नाही. तालुक्याच्या गावी बसस्टँडमागं व्हिडिओ गेमची दुकानं असायची. पत्र्याचं शेड, आत चार-पाच उभ्या मशिनी, घामाचा आणि उदबत्तीचा वास. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं 1993 साली 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' नावाचा गेम काढला. आपल्याकडं तो या नावानं कुणीच ओळखला नाही. त्यातला पिवळ्या टोपीचा चपळ गडी मुस्तफा, म्हणून अख्खा गेमच 'मुस्तफा' झाला. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी बुचर यायचा, हातांत सुरे घेऊन, आणि आमची बहुतेकांची मजल तिथंच संपायची. मेलं की पडद्यावर नऊ, आठ, सात असे आकडे उलटे पडायचे. शून्याच्या आत दुसरं नाणं टाकलं तर खेळ चालू, नाहीतर घरी. मशीन बनवणाऱ्याची कमाईच तुमच्या मरण्यावर होती, म्हणून ते बॉस नाणी खायलाच घडवलेले असत. हे कळायला मला फार वर्षं लागली.

माझ्याकडं रुपया एकच असायचा. तो टाकण्याआधी मी तासभर मोठ्या पोरांच्या खांद्यावरून बघत उभा राहायचो. बुचर कुठून येतो, धावायच्या आधी अंग कसं आखडतो, कुठल्या वेळी त्याच्या अंगाला अंग लावायचं नाही, हे सगळं मी फुकटात शिकलो. खेळणाऱ्याला ते दिसत नव्हतं. त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या अंगठ्यांत होतं.

आता मार्गिटकडे येतो. एल्डन रिंग हा टोकियोच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा गेम, 25 फेब्रुवारी 2022 ला आला. हिदेताका मियाझाकी हे त्याचे दिग्दर्शक. मार्गिट किल्ल्याच्या दारात उभा असतो आणि त्याच्या हातात काठी असते. तुम्ही जवळ जाता, तो काठी वर उचलतो. काठी वर गेली की कुठलाही माणूस बाजूला लोळण घेतो. अंगाला लागलेली सवयच ती, हात उगारला की डोकं खाली. पण मार्गिटची काठी वर जाऊन तिथंच थांबते. एक क्षण. दीड क्षण. तेवढ्यात तुमची लोळण संपते, तुम्ही गुडघ्यावर उठत असता, आणि तेव्हा ती खाली येते. चांगला फिरकी गोलंदाज चेंडू हवेत लटकवतो आणि फलंदाज आधीच बॅट फिरवून बसतो, तसंच हे. माझा भाचा त्या दिवशी 37 वेळा जवळजवळ असाच मेला होता. तो काठीला चुकवत नव्हता, स्वतःच्या भीतीला चुकवत होता.

आणि त्याला सांगितलं कुणी? माझ्या आईनं. तिनं कधी साधा मोबाइलवरचा गेमसुद्धा खेळलेला नाही. संध्याकाळी तो परत बसला तेव्हा ती विडा कुटता कुटता पडद्याकडे बघत होती. बत्ता खाली जायचा, वर यायचा. थोड्या वेळानं म्हणाली, "अरे, तो हात वर नेऊन थांबतोय. तू आधीच पळतोयस." मग बत्त्याच्या ठोक्यावर ती त्याला सांगू लागली. उचलला. थांब. थांब. आता. पाचव्या-सहाव्या खेपेला पोरगा पहिल्यांदा काठीच्या खालून निघाला आणि त्याला मागून दोन वार मिळाले.

तिसरा वार करायला गेला आणि मेला. याला खेळणारी मुलं लोभ म्हणतात, आणि माझ्या मते मार न चुकवल्यामुळं हरणाऱ्यांपेक्षा लोभामुळं हरणारे जास्त. आपल्याकडं गल्लोगल्ली कबड्डी होते. चढाईला गेलेला गडी एकाला शिवतो. रेषा दोन पावलांवर असते, श्वास शिल्लक असतो. त्याला वाटतं, अजून एक. आणि मागून पाय धरला जातो. बॉसची पट्टी जितकी कमी होत जाते तितका हा लोभ वाढतो. शेवटच्या चिमूटभर पट्टीवर पोरं सगळ्यात जास्त मरतात, कारण तेव्हा ती राक्षसाकडे बघणं सोडून पट्टीकडे बघू लागतात.

नवरात्रात आमच्या घरी सप्तशतीचा पाठ असतो. आठव्या अध्यायात रक्तबीज येतो. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून दुसरा रक्तबीज उभा राहतो. त्याला जितकं जोरात मारावं तितके राक्षस वाढतात. तिथं ताकद वाढवून उपयोग नव्हता. थेंब जमिनीवर पडू द्यायचा नाही, हे ओळखायचं होतं, आणि ते काम चामुंडेनं केलं. एल्डन रिंगमध्येच मलेनिया नावाची एक योद्धी आहे, कित्येक खेळाडूंच्या मते त्या गेममधली सगळ्यात अवघड. तिचा वार तुम्हाला लागला की तिची स्वतःची पट्टी भरते. ढालीवर घेतला तरी भरते. म्हणजे ढालीआड सुरक्षित बसणारा माणूस तिला दूधच पाजत असतो. तिथं वार अंगावर येऊच द्यायचा नाही, हीच एक वाट. 2022 साली एक खेळाडू डोक्यावर मडकं घालून, अंगावर लंगोटीएवढं वस्त्र आणि हातांत दोन तलवारी घेऊन परक्यांच्या मदतीला जायचा. 'मला एकट्याला लढू द्या' अशा अर्थाचं नाव त्यानं घेतलं होतं. त्यानं मलेनियाला हजाराहून जास्त वेळा हरवलं, आणि गेमच्या प्रकाशकांनी त्याला खरी तलवार भेट पाठवली. चिलखत नाही, ढाल नाही. त्यानं तिला इतक्या वेळा पाहिलं होतं की त्याला त्यांची गरज उरली नव्हती.

राक्षसाइतकीच जागाही बघायला लागते. याच कंपनीच्या 2011 सालच्या डार्क सोल्समध्ये दोन बॉस एकदम अंगावर येतात, ऑर्नस्टीन आणि स्मॉ. एक सडपातळ, भालेवाला, विजेसारखा. दुसरा अगडबंब, हातात घणासारखा हातोडा. मोकळ्या जागेत दोघांच्या मध्ये सापडलात तर संपलात. पण त्या दालनात जाडजूड खांब आहेत. खांब जाड्याच्या आणि आपल्या मध्ये ठेवत फिरायचं, म्हणजे चपळ तेवढा एकटा समोर येतो. माहूरकरांना यात काही ओळखीचं वाटेल. फेब्रुवारी 1661 मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची मोठी फौज अशीच अरुंद जागेत येऊ दिली आणि पुढची-मागची दोन्ही तोंडं बंद केली. त्या मोगली फौजेत आपल्या माहूरची देशमुखीण रायबागन होती. शौर्य तिच्याकडं कमी नव्हतं, पण इथं लढून उपयोग नाही हे तिला दिसलं आणि अभय मागण्याचा सल्ला खानाला तिनंच दिला. खान खंडणी देऊन सुटला. मी भाच्याला म्हणालो, मार्गिटसमोरून मागं फिरण्यात कमीपणा नाही. दक्षिणेला मोकळा मुलूख पडलाय, तिथं फिर, ताकद वाढव, मग ये. त्याला ते पटलं नाही. त्या वयात मलाही पटलं नसतं.

मुलांच्या रागाबद्दलही बोलायला हवं, कारण आईबाप घाबरतात ते त्यालाच. प्रत्येक राग सारखा नसतो. स्वतःच्या चुकीनं मेलेला मुलगा पाच मिनिटांत परत बसतो. पण काही बॉस खरोखर वाईट घडवलेले असतात. भिंतीला पाठ लागली की कॅमेरा फिरतो आणि स्वतःचा नायकच दिसेनासा होतो. मेल्यावर बॉसपर्यंत परत दोन-तीन मिनिटं चालत जावं लागतं. मला ही अडचण कठीण वाटत नाही, अन्यायाची वाटते. जे दिसतच नाही ते शिकणार कसं? आमच्या वेळी याहून मोठा अन्याय होता, लोडशेडिंग. टीव्हीला जोडायच्या स्वस्त गेममध्ये सेव्ह करायची सोय नव्हती. त्यातल्या काँट्रा या गेमचे आठ टप्पे एका बैठकीतच पार करायचे. एकदा मी शेवटच्या बॉससमोर, एका धडधडणाऱ्या हृदयासमोर पोचलो होतो. लाइट गेली. पडदा आक्रसून मधोमध एक पांढरा ठिपका राहिला आणि तोही विझला. अंधारात माझी बोटं बटणं दाबतच होती.

तेव्हाच्या संगणकावर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' होता, जॉर्डन मेकनर यांनी केलेला, 1989 सालचा. त्यात आरशातून राजपुत्राचीच सावली बाहेर पडते आणि शेवटी शेवटी तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला मारलं की आपलाही जीव तेवढाच कमी होतो. मी कितीतरी दिवस तिला मारत राहिलो. तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या अंगात चालत जायचं, एवढंच होतं. ते दिसलं त्या दिवशी मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो.

असे खेळ आता आपल्याकडंही बनतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं 'राजी' केला. 2017 साली त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला. ठरवलेली रक्कम जमली नाही. ते थांबले नाहीत, आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये गेम बाहेर आला. भाऊ गोलूला शोधत निघालेली मुलगी, दुर्गेनं दिलेला त्रिशूळ, समोर महाबलासुर. गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांसारख्या चित्रांतून पुढं सरकते. जपानी गेममधल्या बॉसची घडण याहून घट्ट असते, हे खरं. पण दुर्गा बोलायला लागली तशी माझी आई पदर सावरून सरळ बसली. हे कुठल्याच जपानी गेमनं कधी केलं नव्हतं.

नवरात्रातल्या त्या रात्री भाचा अकरापर्यंत खेळला. मार्गिटची पट्टी अर्ध्यावर आली की तो हवेतून उजेडाचा हातोडा काढतो, आणि पोरगा आता त्याला बळी पडत होता. मी संगणक बंद करायला लावला. रागावून नाही. शिकलेल्या हालचाली झोपेत मेंदू पक्क्या करतो, हे शास्त्रानंही दाखवलेलं आहे, आणि मी ते मुस्तफाच्या दिवसांपासून अनुभवतोय.

सकाळी आई स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होती, मी चहा घेत होतो. मधल्या खोलीतून आरडाओरडा आला नाही. भाचा नुसताच दारात येऊन उभा राहिला. हात थरथरत होते. म्हणाला, "आजी, गेला तो."

खेळच आहे ना, असं आई यावेळी म्हणाली नाही. तिनं विचारलं, "आणि त्या हातोड्याचं काय केलंस?"

त्यानं तिच्या हातातलं लाटणं घेतलं, डोक्यावर उचललं आणि तिथंच धरून ठेवलं. आई त्याच्या हाताकडे बघत होती.