जांभळाची बी वाळवू नका
(जाफराबाद येथील बीजोत्पादक शेतकऱ्यांच्या परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण)





बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ सुरू केली. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कारही त्यांना मिळाला. त्याच जालना जिल्ह्यातला पूर्णाकाठचा आपला जाफराबाद तालुका आज शेडनेटमधल्या मिरची-टोमॅटोच्या सीड प्लॉटवर उभा आहे. आदल्या दिवशी कळीतले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या सकाळी पराग लावायचा, हे नाजूक काम मुख्यतः आमच्या भगिनी करतात. या परिषदेचा पहिला मान त्यांचा आहे.

मिरचीची बी कशी सांभाळायची, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. प्रमाणित बियाण्यात ओलावा ८ टक्क्यांहून जास्त नको आणि उगवण किमान ६० टक्के हवी. ओलावा एका टक्क्यानं उतरला की बीचं आयुष्य ढोबळमानानं दुप्पट होतं. त्यामुळे बी म्हटली की वाळवायची, हे आपल्या हातांना पक्कं ठाऊक आहे.

जांभळाच्या बाबतीत मात्र हीच सवय घात करते. जांभळाच्या बीत भरपूर पाणी असतं आणि ते गेलं की अंकुर मरतो. साध्या हवेत दोन-तीन आठवड्यांत तिची उगवण संपत येते. फ्रिजमध्ये ठेवून उपयोग नाही, कारण तिला थंडीही सोसत नाही. काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेल्या बिया मिळतात, त्या चूर्णाला ठीक आहेत, पेरायला नाहीत. नवल म्हणजे पेरू याच कुळातला, पण त्याची बी वाळवून महिनोन्‌महिने ठेवता येते. ज्या भूमध्यसागरी मर्टल झुडपावरून या कुळाला नाव मिळालं, त्याचीही बी कोरडी टिकते. लवंगेची बी मात्र जांभळासारखीच ओली ठेवावी लागते. म्हणून कूळ पाहून साठवणूक ठरवू नये, प्रत्येक बीचा स्वभाव वेगळा ओळखावा.

हे एवढं सविस्तर सांगतोय, कारण जांभळाला आता चांगले दिवस आले आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बहाडोली’ जात आहे, आणि पालघरच्या बहाडोली जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अशा जातींची कलमं बांधायची तर खाली जोमदार खुंटरोप लागतं आणि ते ताज्या बीपासूनच येतं. जांभळाच्या एका बीतून बहुधा दोन-तीन कोंब निघतात. त्यातला सशक्त तेवढाच ठेवावा, बाकीचे काढून टाकावेत. बाजारातल्या मिश्र ढिगातली बी वापरण्यापेक्षा भरपूर फळणारं, निरोगी झाड हेरून ठेवलेलं मला केव्हाही पसंत आहे.

तालुक्यातल्या रोपवाटिकांना माझी विनंती आहे: येत्या जूनमध्ये पिकलेली जांभळं गोळा करा, गर धुऊन काढा, वरचं पाणी सावलीत निथळू द्या आणि त्याच आठवड्यात पिशव्यांत बी पेरा. दूर पाठवायची असेल तर ओलसर भुशात घालून पाठवा, उन्हात मात्र पसरू नका.