विमानातील सेवा

विमानाच्या स्वस्त वर्गातून आलेली मंडळी भेटली की वाद ठरलेला. एक म्हणतो, गुडघे ठेवायला जागा नाही अन् चहासुद्धा विकत! दुसरा म्हणतो, सेविका किती हसतमुख होती! पण सेविका काय केवळ चहापाण्यासाठी असते?

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर उतरताना एक जपानी प्रवासी विमान दुसऱ्या विमानावर आदळून पेटले. आतला ध्वनिक्षेपक बंद पडला. सेवकवर्गाने कर्णा घेऊन, ओरडून लोकांना वाट दाखवली. सामान जागीच टाकायला लावले. लोकांनी ऐकले, आणि त्या विमानातले सर्व ३७९ जण वाचले.

तेव्हा चहाची तक्रार जरूर करावी. पण पट्टा बांधा म्हटले की मुकाट्याने बांधावा. त्या घडीला ती वर्गावरचे मास्तर, आणि आपण पोरे!