मच्छीमारांसाठी उन्हाचा चष्मा : निवड आणि परीक्षा

भंडारा हा तलावांचा जिल्हा. येथील माजी मालगुजारी तलावांवर आणि वैनगंगेच्या पात्रात जाळे टाकणारे आपले ढिवर बांधव दिवसाचा मोठा भाग उन्हात काढतात. ऊन वरून येते, तसेच पाण्यावरून परतूनही डोळ्यांत शिरते. त्यातील अतिनील किरणांमुळे वडस व मोतीबिंदू यांचा धोका वाढतो.

चष्मा घेताना केवळ काचेच्या काळेपणावर जाऊ नये. काळ्या काचेआड बाहुली मोठी होते. काच हे किरण अडवीत नसेल, तर ते अधिकच आत जातात. म्हणून 'यूव्ही ४००' काच घ्यावी आणि शक्य तेथे दुकानातील यंत्रावर तपासून घ्यावी.

पाण्यावरची चमक घालविण्यास 'पोलराइज्ड' काच लागते. अशा दोन काचा एकीवर एक उभी-आडवी धरल्या की काळोख होतो. हीच तिची परीक्षा. पैसे थोडे असल्यास हा गुण सोडावा, पहिला मात्र सोडू नये.

मत्स्य सहकारी संस्थांनी चष्मे एकत्रित खरेदी करावेत, शिक्षकांनी ही परीक्षा मुलांना दाखवावी. फाटलेले जाळे पुन्हा विणता येते. डोळ्यांचे तसे नाही.