शहाजीराजांची रंगभूमी



तंजावरच्या राजवाड्यात शिरले म्हणजे मराठी माणसाची पावले आपोआप सरस्वती महालाकडे वळतात. ताडपत्रे, मोडी दप्तरे आणि संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी पोथ्या यांचा तो विख्यात संग्रह. त्या पोथ्यांत काही मराठी नाटके आहेत, आणि त्यांचा कर्ता म्हणजे एके काळी या राजवाड्याचा धनी असलेला पुरुष, व्यंकोजीराजांचा पुत्र आणि शिवछत्रपतींचा पुतण्या शहाजी. आपण मराठी रंगभूमीचा आरंभ १८४३ साली सांगलीस झालेल्या विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'पासून मोजतो. शहाजीराजांचे 'लक्ष्मीनारायणकल्याण' त्याहून सुमारे दीडशे वर्षांनी जुने आहे.

शहाजीराजांनी १६८४ ते १७१२ पर्यंत राज्य केले. तो काळ काही निवांतपणाचा नव्हता. राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात मोगली वेढ्याशी झुंजत होते. १६९४ च्या सुमारास झुल्फिकारखानाची फौज तंजावरवर आली आणि राजांना खंडणी कबूल करावी लागली. अशा धामधुमीतही १६९३ साली त्यांनी तिरुविशनल्लूर हे गाव विद्वानांना अग्रहार म्हणून दिले, आणि स्वतः नाटके रचिली.

ही नाटके कशी होती? तंजावरच्या नायक राजांच्या दरबारी तेलुगू यक्षगान भरभराटीस आले होते. मराठे आले, राज्य बदलले. पण ती कला शहाजीराजांनी मोडीत काढली नाही, उलट आपलीशी केली. त्यांनी तेलुगूत 'पल्लकीसेवाप्रबंध' लिहिला आणि त्याच घाटावर मराठी नाटकेही रचिली. 'दरु' नावाची पदे, त्यांचे राग व ताल, मधून मधून गद्य भाषणे, आणि सारा खेळ हाती धरणारा सूत्रधार, असा हा थाट. इटलीतील मांतुआच्या दरबारात १६०७ साली मोंतेव्हेर्दीचा 'ओर्फेओ' झाला आणि ऑपेराचा बहर सुरू झाला. इकडे कावेरीकाठीही राजाश्रयाने गीत, नृत्य आणि कथा यांचा असाच मेळ घातला होता. फरक इतकाच की, येथे आश्रयदाता स्वतःच नाटककार होता.

राजांच्या मनाची खरी ओळख पटते ती 'पंचभाषाविलास' या नाटकात. निरनिराळ्या प्रांतांच्या राजकन्या श्रीकृष्णाला वरण्यासाठी येतात. द्रविड देशची तमिळ बोलते, आंध्रची तेलुगू, महाराष्ट्राची मराठी आणि उत्तरेची हिंदी; श्रीकृष्णाची भाषा संस्कृत. कोणीही आपली बोली टाकीत नाही, आणि तरीही एकाच रंगमंचावर सर्वांचा संवाद घडतो. मराठी राजाने तमिळ भूमीवर हे नाटक लिहावे, यात मोठा अर्थ आहे. जेत्याची भाषा प्रजेच्या माथी मारणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी मराठीला इतर भाषांच्या पंक्तीस बसविले. डोक्यावर बसविले नाही.

ही परंपरा पुढेही टिकली. दुसरे सरफोजीराजे यांनी 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक रचिले. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात कुरवी जमातीची भविष्य सांगणारी स्त्री येते. सरफोजींनी तिच्या तोंडी पृथ्वीचा भूगोल घातला! तमिळ साचा, मराठी पदे आणि पाश्चात्त्य विद्या यांचा हा संगम तंजावरातच व्हावा, हे योग्यच होते.

येथे एक योगायोग ध्यानात घ्यावासा वाटतो. सांगलीस भाव्यांना स्फूर्ती मिळाली ती कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांवरून. सांगलीचे नाटक तंजावरचा थेट वारसा सांगत नाही. तरीही दोहोंना पाणी मिळाले ते दक्षिणेच्या नाट्यपरंपरेचेच. शेजाऱ्याच्या अंगणात दोनदा रोप रुजले. सांगलीचे फोफावले आणि तंजावरचे पोथ्यांच्या बासनात राहिले.

सरस्वती महालाने यांतील काही नाटके छापून प्रसिद्ध केली आहेत. त्या पदांना राग-ताल दिलेले आहेत; उणीव आहे ती त्यांना कंठ देणाऱ्यांची. आपल्या नाट्यमंडळींनी एकदा तरी 'पंचभाषाविलास' हाती घ्यावा. मराठी राजकन्येची भूमिका आपल्यापैकी कोणी करावी, द्रविड राजकन्येची तमिळ भगिनीने. मग शहाजीराजांनी सोडलेले सूत्र पुन्हा कोणीतरी हाती घेतले, असे म्हणता येईल.