यदृच्छेची शिस्त



 माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. प्रथिने घडवणारी जनुके मात्र जेमतेम २०,००० आहेत. चेतापेशी आपापल्या रासायनिक ओळखखुणांच्या आधारे योग्य जोडीदार शोधतात, असे रॉजर स्पेरी यांनी १९६३ साली मांडले. इतक्या खुणा येतात कुठून? माझे प्रतिपादन असे की, याचे उत्तर जनुकांच्या संख्येपेक्षा ती कोणत्या पेशीत, केव्हा आणि किती वाचली जातात हे ठरवणाऱ्या नियंत्रणात आहे.

चेतापेशींवर अशा ओळखखुणा म्हणून काम करणाऱ्या प्रोटोकॅडहेरिन या आसंजक रेणूंचे उदाहरण घ्या. उंदरात त्यांची ५८ जनुके एकाच गुणसूत्रावर अल्फा, बीटा आणि गॅमा अशा तीन गटांत ओळीने बसली आहेत आणि जवळपास प्रत्येकाला स्वतःचा प्रमोटर आहे. अल्फा गटात एखाद्या प्रमोटरवरून उलट दिशेने आरएनए लिहिला जाऊ लागला की तिथल्या मेथिल खुणा पुसल्या जातात. मग सीटीसीएफ हे प्रथिन तिथे बसते, कोहेसिनच्या साहाय्याने डीएनएचा फास तयार होतो आणि दूरचा एन्हान्सर नेमका त्याच प्रमोटरला येऊन भिडतो. बहुसंख्य पेशींत ही निवड यदृच्छेने होते, त्यामुळे शेजारच्या दोन पेशींवरचे या रेणूंचे संच सहसा जुळत नाहीत. फळमाशीने वेगळी वाट धरली. तिथे ओळखखुणांसाठी डीस्कॅम-१ या एकट्या जनुकाच्या आरएनएची पर्यायी जुळणी होऊन ३८,०१६ रूपे संभवतात. वाटा दोन, पण दोन्हीकडे विविधता नियंत्रणातूनच येते.

यावर आक्षेप येतो की, निवड यदृच्छेची असेल तर तिला नियंत्रण कसे म्हणायचे? उंदराच्या सेरोटोनिन चेतापेशी याचे उत्तर देतात. त्यांच्यात प्रोटोकॅडहेरिनचे अल्फा-सी-२ हे एकच रूप प्रामुख्याने व्यक्त होते. सगळ्यांवर तीच खूण असल्याने त्यांचे तंतू एकमेकांना टाळत मेंदूभर सारखे पसरतात. त्या रूपाचे जनुक काढले की तंतूंचे पुंजके होतात. म्हणजे यदृच्छा कुठे चालू द्यायची आणि कुठे रोखायची, हेही पेशीप्रकारानुसार ठरलेले असते. दुसरा आक्षेप असा की, जोडण्या अखेर अनुभवच घडवतो. अनुभव जोडण्या बळकट करतो आणि छाटतो, हे मान्य. पण त्याला काम करायला आधी नीट पसरलेल्या शाखा लागतात. उंदराच्या दृष्टिपटलातील स्टारबर्स्ट पेशींतून गॅमा गटाची २२ जनुके काढली, तेव्हा एकाच पेशीच्या शाखा एकमेकींत गुंतल्या. एकच रूप परत दिल्यावर तो गुंता सुटला, पण आता शेजारच्या पेशींवरही तीच खूण असल्याने त्यांच्या शाखांचे परस्परांवर पसरणे घटले. स्वतःला टाळण्यासाठी एक खूण पुरते. शेजाऱ्याला परके ओळखण्यासाठी वैविध्य लागते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे, विशेषतः तरुण संशोधकांना. कोणत्या जनुकापासून कोणते प्रथिन बनते, एवढ्यावर आपले अध्यापन थांबू नये. विकाराचे कारण शोधताना प्रथिनाच्या संहितेइतकेच लक्ष प्रमोटर, एन्हान्सर आणि मेथिलेशनकडे द्या, आणि हजारो पेशींची सरासरी काढण्याऐवजी एकेक पेशी स्वतंत्रपणे तपासा. ज्या वैविध्यावर मेंदूची मांडणी उभी आहे, ते सरासरीत दिसतच नाही.